हाईनीच्या खोपेतले लंगोट

"नाही म्हणजे नाही," पौला आत्या म्हणाली आणि बटाटा सोलत राहिली. "माझ्या घरात जे मूल येईल ते विकतचा डायपर लावून येईल. तुला कापडाची हौस असेल तर ती तुझ्या घरी."

एल्सपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रेनकोटचं पाणी खाली ठिबकत होतं आणि कडेवर अकरा महिन्यांची लिव आईच्या बटणाशी खेळत होती. हामराविकमध्ये मुलं सांभाळणारी बाई एकच, आणि ती पौला. एल्सपाच्या नवऱ्याची सख्खी आत्या. गावातली चाळिशीच्या आतली झाडून सगळी माणसं तिच्या मांडीवर वाढलेली, त्यामुळे बाप्ये झालेले कोळीसुद्धा तिच्यासमोर जाताना नाक पुसून जात. दुसरी सांभाळणारी बोगद्याच्या पलीकडच्या गावात होती आणि तिच्याकडे वसंतापर्यंत जागा नव्हती.

सोमवारी एल्सपाची बाळंतपणाची रजा संपत होती. सोमवारी ती जाळ्यांच्या कोठारात आपल्या जागेवर दिसली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाईल, असं आब्सालोन मुकादमानं तोंडावर सांगितलं होतं. आब्सालोन थट्टा करणाऱ्यांतला नव्हता. आणि ती जागा एल्सपानं नऊ वर्षं राबून मिळवली होती. फाटलेलं जाळं नुसतं हातानं चाचपून कुठे काय बिघडलंय ते सांगणारी कोठारात ती एकटीच होती.

"डायपरनं तिची कातडी सोलवटते, आत्या. तीन प्रकारचे आणून पाहिले. डॉक्टरांनी दोन मलमं दिली. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा लाल मांस."

"पुळ्या सगळ्यांना येतात. तुझ्या नवऱ्यालाही यायच्या. जातात."

"त्याला काय लावत होतात तुम्ही?"

पौलाची सुरी थांबली. तिनं हात पुढे केला, तळवा खाली करून. पेरांवरची कातडी जाड होती आणि तिच्यात पांढऱ्या चिरा कायमच्या बसल्या होत्या.

"कापड," ती म्हणाली. "अकरा वर्षं. चार माझी पोरं, आणि मग तुझी सासू छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली म्हणून तुझा नवरा. ओढ्यावर, जानेवारीत. साबणानं चिरा पडायच्या आणि चिरांत मूत जायचं. कुणी विचारलं नव्हतं मला की बाई, तुझी हौस आहे का. पहिल्यांदा बोटीनं डायपरचं खोकं आलं ना गावात, तेव्हा मी धक्क्यावर उभी राहून रडले. तर आता तू मला मागे नेऊ नकोस."

एल्सपाला क्षणभर लाज वाटली. पण लिवच्या मांडीवरचं लाल तिला दिवसभर डोळ्यांपुढे दिसत असे, आणि लाजेपेक्षा ते मोठं होतं.

"तुम्ही धुवायचे नाहीतच. ओला लंगोट पिशवीत टाका, संध्याकाळी मी नेईन."

"आज पिशवी, उद्या बादली, परवा मी पुन्हा ओढ्यावर. हे कसं वाढत जातं ते मला शिकवू नकोस."

"गुरुवारी मी हिला घेऊन येते," एल्सपा म्हणाली. ती चिडली की तिची हनुवटी पुढे येई, तशी आली होती. "एका झोपेपुरती. लंगोट गळला तर मी हरले, सोमवारी डायपर लावून आणीन. नाही गळला तर ती तुमच्याकडे लंगोटातच राहील."

पौलानं पहिल्यांदा मान वर केली. "शब्द देतेस?"

"देते."

"ये तर मग. बाबागाडीत माझं चांगलं मेंढीचं कातडं आहे. ते भिजलं ना, तर वर्षभर तुला ऐकवीन."

*

खरं सांगायचं तर हा शब्द देताना एल्सपाच्या हातात न गळणारा एकही लंगोट नव्हता. दोन आठवडे ती सासूच्या जुन्या शिलाई मशीनवर बसत होती आणि आत्तापर्यंतचे चारच्या चार वाया गेले होते.

घरात ती, लिव आणि सासरा हाईनी एवढेच. नवरा होगनी ट्रॉलरवर, उत्तरेत, नाताळच्या आधी यायचा नाही. हाईनी सत्तरीचा, बायको गेल्यापासून चुलीजवळच्या खुर्चीत बसून खिडकीतून समुद्राला नावं ठेवणारा. पौलाचा धाकटा भाऊ. बहिणीपुढे त्यानं जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं.

"हे काय, घोड्याचं खोगीर?" पहिला लंगोट पाहून तो म्हणाला होता.

"लंगोट आहे, बाबा."

"लिवसाठी? का घोड्याच्या लिवसाठी?"

तो जाड होताच. एल्सपानं टॉवेलचे सहा पदर एकावर एक शिवले होते, आणि धुतल्यावर तो तीन दिवस वाळला नव्हता. दुसऱ्याला तिनं मांडीशी इलॅस्टिक असं ओढून लावलं की लिवच्या मांडीवर तांबडं कडं उमटलं. ते पाहून तिनं तो लंगोट तिथल्या तिथे कात्रीनं फाडला. तिसऱ्याला ढिलं लावलं, तर सगळं मांडीवरून मोज्यात. चौथ्याला बाहेरून लोकरीचा पदर लावला आणि पक्कं बसावं म्हणून मधोमध आडवीउभी शिवण घातली. तो मधोमधच गळला.

त्या चौथ्यापाशी तिला कळलं. तिनं तो उताणा धरून उजेडात पाहिला. शिवणीच्या प्रत्येक टाक्याशी एक ओला ठिपका होता. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं ठेवलेलं दार, आणि अशी दोनशे दारं तिनं स्वतःच्या हातानं पाडली होती. नऊ वर्षं जाळी विणणाऱ्या बाईला हे कळायला चौथा लंगोट लागावा, याचा तिला स्वतःचाच राग आला. जाळं तरी दुसरं काय असतं? काय आत ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं, एवढं ठरवलं की भोकाचं माप आपोआप ठरतं. इथे तीन कामं होती आणि ती तीनही एकाच कापडाच्या गळ्यात घालत होती. कातडीला लागतो त्या पदरानं ओल पुढे ढकलायची, स्वतः कोरडं राहायचं. मधल्यानं ती पिऊन धरून ठेवायची. बाहेरच्यानं पहारा करायचा. पिणाऱ्यानं प्यावं आणि पहारेकऱ्यानं प्यायचं नाही, म्हणजे झालं.

मग तिनं दोघांना वेगळं केलं. होगनीच्या आंघोळीच्या टॉवेलांच्या सुट्या गाद्या शिवल्या, मधे निमुळत्या, मागे रुंद, वरून पातळ फ्लीसचा पदर. होगनी आल्यावर टॉवेल कुठे गेले म्हणून विचारील, तर त्याला मुलगी दाखवायची. बाहेरच्या चड्डीसाठी तिनं त्याचा जुना लोकरी स्वेटर घेतला, कढत पाण्यात साबण लावून तासभर मळला, आटवून बोटभर दाट केला आणि मगच कापला. मधे एकही टाका नाही. शिवण काय ती कडेला, आणि इलॅस्टिक दोन बोटं सहज आत जातील एवढंच ताणलेलं. पुढे टिचबटणं. अशा अठरा गाद्या आणि चार चड्ड्या बुधवारपर्यंत तयार झाल्या.

मशीन थांबलं तेव्हा हाईनीनं एक चड्डी हातात घेऊन उलटसुलट केली. "ह्याला अंगची चरबी लावायला हवी," तो म्हणाला. मेंढीच्या लोकरीतून निघणारी पिवळी चरबी तो डब्यात भरून ठेवत असे. समुद्रावर जायचे हातमोजे त्यानं पन्नास वर्षं त्याच चरबीवर ठेवले होते, आणि त्यांतून पाणी आत गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"चड्ड्यांना मी लावली आहे, बाबा. काल."

"हं," हाईनी म्हणाला.

*

आठवडाभर पाऊस थांबला नव्हता आणि गाद्या घरात वाळत नव्हत्या. गावात कोरडं वारं मिळायची जागा एकच, मांसाची खोप. फळीफळीत फट ठेवलेली, वारा आरपार जाणारी. हाईनीच्या खोपेत आतल्या बाजूला ऑक्टोबरात कापलेल्या मेंढ्यांच्या मांड्या टांगलेल्या होत्या आणि आता त्यांना आंबूस वास धरायला लागला होता. एल्सपानं वाऱ्याच्या बाजूला दोरी बांधली आणि गाद्या लावल्या. समोर मटण, इकडे लंगोट. वास लागेल हे तिला दिसत होतं. लागू दे, असं तिनं ठरवलं. वासानं कुणाची कातडी सोलवटत नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या धक्क्यावर बोभाटा झाला. हाईनी तंबाखू आणायला गेला तर होड्यांवरून हाका आल्या.

"काय हाईनी, औंदा मांड्यांच्या जोडीला काय लावलंयस? नातीचे लंगोट आंबवतोयस का?"

"नाताळच्या जेवणाला आम्ही येत नाही हं तुझ्याकडे."

हे एल्सपाला दुकानातल्या बाईनं सांगितलं. हाईनी घरी काहीच बोलला नाही. तो उशिरा आला, हात धुतले आणि झोपायला गेला. गुरुवारी सकाळी एल्सपानं दोरीवरून गाद्या काढल्या, तर त्या तिला फार मऊ लागल्या. वाऱ्यानं मऊ झाल्या असतील असं तिला वाटलं, आणि आपलं काम नीट झालं म्हणून ती खूशही झाली.

*

गुरुवारी दुपारी लिव पौलाच्या घराच्या आडोशाला, बाबागाडीत, मेंढीच्या कातड्यावर झोपली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस. आत स्वयंपाकघरात पौलानं एल्सपापुढे कॉफी ठेवली. एल्सपानं कपाला हात लावला नाही. घड्याळाखाली दोघी अशा बसल्या होत्या की पौलाकडची दुसरी दोन मुलंसुद्धा गप्प होती.

वीस मिनिटांत लिव किंचाळली.

पौलाच आधी उठली. तिनं मुलीला उचललं, आणि खाली मेंढीच्या कातड्यावर ताटाएवढा काळा ओला डाग होता. लिवचा पायमोजा टपटपत होता. पौलानं तिला टेबलावर ठेवलं आणि बाजूला झाली. एल्सपानं चड्डी सोडली. चड्डी काठांशी ओली होती. आतली गादी कोरडी. तिच्यावर मुताचे थेंब मण्यांसारखे इकडून तिकडे घरंगळत होते आणि एकही आत शिरत नव्हता.

एल्सपानं गादी पिळून पाहिली. काहीच आलं नाही. तिला कळेना. काल घरी ओला हात पुसला तर हीच गादी घटाघटा प्यायली होती.

पौला हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. आत जाऊन तिनं एक डायपर आणला आणि एल्सपाच्या हातात दिला.

"लाव आणि घरी जा, पोरीला थंडी वाजेल," ती म्हणाली. "सोमवारी सातला आण. शब्द दिलायस."

*

हाईनी खुर्चीत बसून वाटच पाहत होता.

"काय म्हणाली पौला?"

"गळला, बाबा."

"शक्यच नाही," हाईनी म्हणाला. "गळेलच कसा? मी स्वतः..." आणि त्यानं तोंड मिटलं.

एल्सपानं लिवला खाली ठेवलं. "तुम्ही स्वतः काय?"

हाईनीनं चुलीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. समुद्राकडून काही मदत आली नाही. मग त्यानं सांगितलं. धक्क्यावर माणसं हसली तेव्हा त्यानं त्यांना सुनावलं होतं की माझ्या नातीचा लंगोट तुमच्या होड्यांपेक्षा कमी गळतो. एकदा बोलून बसला, मग त्याला काळजी पडली. परत येताना तो खोपेत गेला, सगळ्या गाद्या उतरवल्या, कोमट पाण्यात चरबी विरघळवली आणि हातमोज्यांना बुडवतात तशा एकेक बुडवून, दाबून, पुन्हा दोरीवर घातल्या.

"हात राखून नाही घातली," तो म्हणाला. "चांगला अख्खा डबा घातला."

एल्सपा खाली बसली. तिला हाईनीला मारावंसं वाटलं, अगदी खरोखर. मग त्याचे हात तिला दिसले, मांडीवर एकात एक गुंतवलेले, शाळेतल्या मुलासारखे.

"बाबा, हातमोज्यानं पाणी बाहेर ठेवायचं असतं. गादीनं ते प्यायचं असतं. तुम्ही तिचं तोंड शिवून टाकलंत."

"मला वाटलं, पाणी ते पाणी," हाईनी म्हणाला. थोड्या वेळानं तो उठला आणि टोपी शोधू लागला. "मी पौलाकडे जातो. सांगतो माझं चुकलं म्हणून."

"मुळीच जायचं नाही. तिच्यापुढे कुणी हात जोडायचे नाहीत. ना तुम्ही, ना मी."

"पण शब्द दिलायस तू."

"दिलाय," एल्सपा म्हणाली. "लंगोटावर दिला होता. तुमच्या डब्यावर नाही."

त्या एका डायपरनं लिवची मांडी पुन्हा लाल झाली होती. तिला पुसताना एल्सपा इतकी रडली की हाईनी उठून बाहेर गेला.

शुक्रवारी तिनं रक्ताचे सॉसेज उकडायचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. धुण्याचा सोडा, भांड्यांचा साबण आणि अठरा गाद्या. पहिल्या उकळीला पाण्यावर पिवळ्या चरबीची बोटभर साय आली. ते पाणी फेकलं, दुसरं चढवलं, मग तिसरं. आयुष्यात स्वतःचा मोजा न धुतलेला हाईनी बाहेर हौदाशी बाह्या सावरून गाद्या खळबळत होता, आणि जाणाऱ्यायेणाऱ्या प्रत्येकाकडे असा बघत होता की कुणी थांबून विचारलं नाही. दुपारनंतर गाद्या पुन्हा खोपेत गेल्या. यावेळी एल्सपानं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली.

"माझी खोप आहे," हाईनी म्हणाला.

"सोमवारपर्यंत माझी."

शनिवारी तिनं पहिल्या वाळलेल्या गादीवर पळीनं पाणी सोडलं. पाणी गादीला लागलं आणि नाहीसं झालं. दुसरी पळी, तिसरी पळी. खाली हात घातला, कोरडं. हाईनीनंही हात घालून पाहिला आणि मग पळी तिच्या हातातून घेऊन तो स्वतः ओतत बसला. रविवारी लिव तीन तास झोपली आणि कोरडी उठली. तिला मटणाचा वास येत होता हे खरं. एल्सपानं तिच्या पोटावर नाक घासलं आणि तिला तर तो वास आवडलाच.

*

सोमवारी सातला एल्सपा पौलाच्या पायरीवर उभी राहिली. कडेवर लिव, मागे पिशवी घेऊन हाईनी. तो येऊ नका सांगितलं तरी आला होता.

पौलानं दारातच लिवच्या फ्रॉकवरून हात फिरवला आणि हात मागे घेतला. "लोकर आहे खाली."

"हो. गुरुवारी गाद्यांना चरबी लागली होती, आत्या. चुकून. म्हणून गळला. आता उकळून काढलीय."

"गळला की नाही?"

"गळला."

"मग तू शब्द मोडतेस."

"मोडते," एल्सपा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे तिला स्वतःलाच नवल वाटलं. "माझ्या शब्दापायी तिच्या अंगाची सालं निघणार असतील तर मोडते. गावभर सांगा."

पौलानं ॲप्रनला हात पुसले. "बरं," ती म्हणाली. "झोपेला डायपर. जागी असेल तेव्हा तुझा लंगोट. याहून मी खाली येणार नाही, आणि इतकी मी कुणासाठीच आलेली नाही."

वाईट तोड नव्हती. कोठारात जागा राहत होती, आत्याचा मान राहत होता. पण झोपेतच तर लिव तास तास ओल्यात पडायची, आणि झोपेतच तर कातडी जायची. आब्सालोन डोळ्यांपुढे होता, नऊ वर्षं डोळ्यांपुढे होती.

"नको," एल्सपा म्हणाली आणि वळली.

हाईनी वळला नाही. पिशवी हातात धरून तो पायरीवर तसाच उभा राहिला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

कोठारात सॅल्मनच्या पिंजऱ्याचं भलंमोठं जाळं खाली पसरलं होतं. एल्सपानं धुतलेल्या मऊ जाळ्यांचा ढीग कोपऱ्यात ओढला, मधे खळगा केला, त्यात लिवला बसवलं आणि आपली लाकडी सुई दोऱ्यानं भरायला घेतली. जाळ्याभोवती बसलेल्या पाचही जणांचे हात थांबले.

आब्सालोन आला. "हे काय?"

"माझी मुलगी."

"ते दिसतंय. इथे हुक आहेत, चाकू आहेत, वरून यारी चालते. इथे मूल चालत नाही."

"कॉफीच्या सुट्टीपर्यंत राहू दे."

"आणि सुट्टीनंतर?"

"सुट्टीनंतर काढा मला. पण नीट कारण सांगून काढा. हिची कातडी बरी राहावी म्हणून काढलं, असं सगळ्यांसमोर सांगा."

आब्सालोननं लिवकडे पाहिलं. लिव त्याच्याकडे पाहून हसली, आणि माणसाला अडचणीत आणणारं याहून मोठं काही नाही. "दहा वाजेपर्यंत," तो म्हणाला आणि गेला.

एल्सपा काम करत राहिली. फाटलेल्या भोकाच्या कडा कापल्या, गाठ, जाळ्याचा पुढचा डोळा, गाठ. दहानंतर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. होगनीला कळवायचं, डिसेंबरात तो आल्यावर बघायचं, की बोगद्याच्या पलीकडे वसंताची वाट पाहत बसायचं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता, पौलाचा, आब्सालोनचा, ओढ्यावरच्या त्या अकरा वर्षांचाही. त्या चिरा ज्यांनी भरून द्यायला हव्या होत्या त्यांनी दिल्या नाहीत, आणि आता त्या लिवच्या वाट्याला येत होत्या.

पावणेदहाला कोठाराचं दार उघडलं आणि पौला आत आली.

ती कोठारात कधी येत नसे. अंगावर घरचा ॲप्रन तसाच, त्यावर मोठा तपकिरी डाग, आणि खांद्याला एल्सपाची पिशवी. मागे शेजारची पोरगी तिच्याकडच्या दोन मुलांना धरून उभी होती. पौला जाळ्यावरून थेट चालत आली. जाळ्यावर बूट घालून चालायचं नसतं, पण आब्सालोननंही तिला ते सांगितलं नाही.

"तुझा सासरा माझ्या स्वयंपाकघरात बसलाय," ती म्हणाली.

"मी त्यांना हात जोडायला पाठवलं नव्हतं."

"हात कुठले जोडतोय तो. तासभर एक शब्द बोलला नाही. मग ह्यातली एक गादी काढली, ती तुझी चड्डी खाली घातली, माझ्या खुर्चीवर ठेवली, माझा भरलेला कप उचलला आणि सगळी कॉफी वर ओतली. आधी थोडी माझ्यावर सांडली." तिनं ॲप्रन दाखवला. "आणि मग त्यावर बसला."

कोठारात कुणीतरी खोकला.

"नवी पँट घालून. चर्चला घालतो ती. पाव तास बसला. मी म्हटलं ऊठ, तर उठेना. मग उठला, माझ्याकडे पाठ केली आणि वाकून मला पँट दाखवली." पौला थांबली. तिच्या तोंडाच्या कडा हलत होत्या, पण ती हसली नाही. "कोरडी होती. आणि म्हणाला काय, की गुरुवारी जे झालं ते त्यानं केलं. सत्तर वर्षांत मला उलटून बोललेला नाही हा माणूस, आणि बोलला तर पाठमोरा."

एल्सपानं हातातली सुई खाली ठेवली.

पौला खाली बसली, गुडघे कुरकुरले, आणि तिनं लिवला जाळ्याच्या खळग्यातून उचललं. फ्रॉक वर करून पाठीमागून पाहिलं. चड्डीच्या काठातून एक बोट आत घातलं, मग दुसरं. मांडीवरची नवी कातडी पाहिली, अजून पातळ, पण मिटलेली. तिथे तिचं चिरांनी भरलेलं बोट जरा वेळ थांबलं.

"शब्द मोडलास ते मी विसरणार नाही," ती म्हणाली.

"नका विसरू."

पौला मुलीला कडेवर घेऊन उठली. पिशवी पुन्हा खांद्यावर चढवली. दाराकडे चार पावलं गेली आणि थांबली, आणि तिथून, सगळ्यांच्या देखत, तिनं जे विचारलं ते हामराविकमध्ये कुणी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"किती वेळानं बदलायचा हा?"

"झोपेतून उठली की," एल्सपा म्हणाली. "आणि मधे एकदा. ओली गादी पिशवीत टाका. बाकी काही करू नका, आत्या."

"करणारच नव्हते," पौला म्हणाली, आणि मुलीला घेऊन पावसात निघाली.